बसमध्ये ठरलेला शेवट

माझं डोकं फिरलं ते कुत्र्यामुळे.

सावंगीला मी मेस चालवते. मेडिकलच्या मुली दोन वेळा जेवायला येतात, काहींचे डबे जातात. त्या दिवशी पोळ्यांची चळत फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि जरा पाठ टेकायला म्हणून आतल्या खोलीत गेले. उठून पाहते तर गल्लीतलं तांबडं कुत्रं स्वयंपाकघरातून ऐटीत बाहेर चाललेलं. तोंडात फडकं, फडक्यात पोळ्या. दाराशेजारी खुर्ची टाकून माझे बाबा बसले होते. कुत्रं अगदी त्यांच्या पायाजवळून गेलं. बाबांनी पाय आवरून घेतले आणि त्याला वाट करून दिली.

"बाबा! कुत्रं पोळ्या घेऊन चाल्लं ना!"

"हाव," बाबा म्हणाले. "पाह्यलं मी."

मी पुन्हा कणीक भिजवायला घेतली. हात परातीत आणि तोंडाचा पट्टा बाबांवर, असं बराच वेळ चाललं. ते ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते, आणि दार तसंच सताड उघडं होतं.

हे दार म्हणजे माझ्या डोक्याला ताप झाला होता. आमच्या वर्ध्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी दार उघडं ठेवणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर वेडा. बाबा दोन्ही नव्हते. सारी हयात देवळीच्या पुढच्या आमच्या गावात शेती करण्यात गेलेली, झळ काय असते हे त्यांना मी सांगायला नको. तरी मी दार लावलं की थोड्या वेळानं ते उठायचे आणि उघडून ठेवायचे. कूलरमध्ये पाणी मी भरायचं आणि थंड हवा खायची गल्लीनं! भांडण नाही, आवाज नाही. फक्त एकदा म्हणाले, "लोटून घेत जाय पाह्यजे तं. कडी तेवढी लावू नको बाई."

"काऊन?"

"असंच."

असंच! लहानपणापासून मला या शब्दाचा राग आहे. कोणी मला असंच म्हटलं की मी त्याच्या मागंच लागते. माझ्या नवऱ्यानं वीस वर्षांत हा शब्द तोंडातून काढलेला नाही, यावरून काय ते समजा.

आई गेल्या हिवाळ्यात गेली, तूर सोंगायच्या दिवसांत. दुखणं फार लांबलं नाही. मी त्यांची एकुलती एक लेक. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि बाबा गावात एकटे राहिले. एक दिवस न सांगता गेले तर ते चुरमुरे खात बसलेले. चूल नाही, गॅस नाही, कितीतरी दिवसांचं असंच चाललेलं. मी त्यांचे चार कपडे पिशवीत भरले आणि म्हटलं, चला. चलायला तयार झाले, पण मी घराला कुलूप लावायला लागले तशी त्यांचा चेहरा उतरला. "कुलूप कायले?" म्हणाले. मी लावलंच. देवळी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. देवळी गेल्यावर एवढंच म्हणाले, "तुह्यं घर तं तिले मालूम आहे म्हणा." मी ते कानाआड केलं. म्हातारं माणूस, काहीतरी बोलत असेल, असं वाटलं.

चैत्र संपत आला आणि अकिती तोंडावर आली. पुण्यामुंबईकडे अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात म्हणे. आमच्याकडे अकिती पितरांची. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, त्याच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. बाई नवऱ्याआधी गेली असेल तर तिच्या नावानं सवाशीण बसवतात. मरणानंतरची पहिली अकिती तर चुकवायचीच नसते. तोवर ते माणूस तहानलेलं, अर्ध्या वाटेवर उभं असतं, असं आमच्यात म्हणतात. आणखी एक, घागर भरेपर्यंत त्या घरात आंबा चिरायचा नाही.

माझा या सगळ्यावर विश्वास आहे का? खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. पण आईला रस किती आवडायचा ते ठाऊक होतं. तिला मिळायच्या आधी माझ्या घशाखाली उतरला नसता. सवाशीण म्हणून माझी मावशी यायला तयार होती, आईची धाकटी बहीण, तिचं माहेर आणि सासर दोन्ही सिंदीलाच. भाऊ नाही म्हटल्यावर घागर बाबांनीच भरायची. मी त्यांना विचारलं.

"यंदा नाई," ते म्हणाले.

"यंदा नाई म्हणजे? पह्यली अकिती आहे ना तिची!"

"असन. यंदा नाई."

पुन्हा दाराकडे तोंड. मेसच्या मुली रोज विचारायच्या, काकू, आमरस कधी? बाजार आंब्यांनी भरलेला आणि माझ्या ताटात कैरीचं लोणचं. मुलींना काय सांगणार? की माझी आई अर्ध्या वाटेवर उभी आहे, आणि माझा बाप तिला पुढं जाऊ देत नाही, म्हणून तुम्हाला रस नाही?

पण मला आईची तेवढी काळजी नव्हती, बाबांची होती. सकाळी उठले की खुर्ची दाराशी. जेवण दाराशी. झोप लागली तर तिथंच मान टाकून. हा माणूस आधी किती बोलायचा! रेडिओवरच्या बाजारभावाशी भांडायचा, पावसाला शिव्या द्यायचा, आईशी तर दिवसभर वाद. आईच्या माहेरी रेल्वे, बाबांच्या गावाला नुसती एसटी. आई त्यावरून मिरवायची आणि बाबा चिडले की तिला "रेल्वेवाली" म्हणायचे. मला माझा तो बाप परत पाहिजे होता. आणि तो कशात अडकलाय ते कळत नव्हतं.

ते कळलं एका मुलीच्या रडण्यामुळे. सांगलीकडची एक पोरगी जेवायला बसली आणि ताटावर डोळे पुसायला लागली. मला वाटलं परीक्षेत काही झालं. तर म्हणे पिच्चर पाहिला मोबाइलवर! कोणाचं तरी प्रेम, ती मुलगी मरते, तो तिला विसरत नाही आणि शेवटी एकदाचा तिच्या आठवणींना निरोप देतो. बाकीच्या पोरींनी लगेच बाजू घेतल्या. एक म्हणे, विसरला म्हणजे प्रेम खरं नव्हतंच. दुसरी म्हणे, मग काय जन्मभर रडायचं का? वांग्याची भाजी गार होत होती आणि यांचं न्यायालय चालू होतं. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"थो दार लावते का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. बाबांनी त्या मुलींशी तोवर एक शब्द काढला नव्हता.

"कोणतं दार, आजोबा?" सांगलीवाली म्हणाली.

"नाई नाई. तुमचावाला दुसरा असन," बाबा म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहायला लागले.

माझ्या हातातला झारा हातातच राहिला. कारण मला ते दार माहीत होतं. पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलेलं होतं.

हे समजायला आमच्या गावची गाडी समजून घ्यावी लागेल. माझ्या लहानपणापर्यंत गावात पिच्चरचा प्रश्नच नव्हता. पिच्चर पाहायचा तर वर्ध्याला, तीन ते सहाचा खेळ. आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी निघायची पावणेसहाला. पिच्चर संपायला थोडा वेळ राहिला की गावचा शिंपी उठून उभा राहायचा, कारण घड्याळ त्याच्याकडे होतं. "गाडी!" एवढंच म्हणायचा. लगेच आमच्या गावची माणसं रांगाच्या रांगा उठायची, मागचे ओरडायचे, "बसा ना बे!", आणि आमची माणसं पायांवर पाय देत, लेकरं काखेत मारून स्टँडकडे पळायची. म्हणून आमच्या गावानं कित्येक वर्षं एकाही पिच्चरचा शेवट पाहिलेला नव्हता.

पण शेवटाशिवाय घरी कसं जाणार? तो बसमध्ये ठरायचा. गाडी वर्ध्याच्या बाहेर पडली की चर्चा सुरू. हा म्हणे, बाप मान्य करते. तो म्हणे, हॅट, बाप मरते. बाया मागच्या बाकांवरून आपलं म्हणणं पुढे पाठवायच्या. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता मत द्यायचा. देवळी येईपर्यंत एकमत व्हायचं आणि जे ठरलं तोच शेवट. बहुतेक खलनायक आमच्याकडे एसटीखाली येऊनच मेलेले आहेत. पुढे गावात टीव्ही आले, ते जुने पिच्चर लागले आणि शेवट भलतेच निघाले, तेव्हा म्हातारी माणसं खात्रीनं सांगायची, "कापला टीव्हीवाल्यानं!"

मुली जेवून गेल्यावर मी खुर्ची ओढून बाबांसमोर बसले. "बाबा, तो मास्तरचा पिच्चर ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेनात. इतके दिवस कुठं दडवलं होतं हे सगळं?

नवीन लग्न. आईला घेऊन पहिल्यांदा वर्ध्याला पिच्चरला नेलेलं. गोष्ट एका गावातल्या मास्तरची. बायकोवर फार जीव. ती तापानं जाते. मास्तर रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसतो आणि ती येते, रोज, उंबऱ्यापर्यंत. आत येत नाही. तो तिच्याशी बोलतो, दिवसभराचं सांगतो. लोक म्हणतात मास्तर बिघडला. शाळा सुटते, घर उजाड होतं, तरी हा दाराशी. मग एका संध्याकाळी ती म्हणते, आता दार लावा. तुम्ही लावल्याशिवाय मला जाता येत नाही. मास्तर उठतो. दाराला हात लावतो...

"आन् शिंपी उठला," बाबा म्हणाले.

"मंग? बसमधी काय ठरलं?"

"ठरेचना ना! माणसं म्हणे, लावते. बाया म्हणे, लावूच शकत नाई. देवळी आली तरी भांडण चालूच. मंग तुही माय बोलली. नवी नवरी, डोक्यावर पदर, तोवर कोणी तिचा आवाज आयकला नोयता. म्हणे, थो दार लावत नाई. उघडंच ठेवते. आन् थे रोज येते. असं ठासून बोलली का सारी बस चूप."

"मंग?"

"मंग काय. घरी आलो. मी तिले म्हणलं, आन् तू गेली तं? तं म्हणे, मीबी येईन. कडी लावू नका फक्त."

मग मात्र ते थांबले. दारातून झळ आत येत होती आणि त्या दिवशी मी उठून दार लोटलं नाही.

रात्रीची कणीक मळताना डोक्यात एकच. त्या मास्तरनं खरंच केलं तरी काय? लावलं की नाही? मी चाळिशीला टेकलेली बाई, चार कुकर चढवलेले, आणि मला एका जुन्या पिच्चरमधल्या दाराची चुटपूट लागलेली. पिच्चरचं नाव बाबांना पक्कं पाठ होतं. दुसऱ्या दिवशी सांगलीवालीला सांगितलं, शोध. जेवण होईपर्यंत तिनं शोधलासुद्धा. "काकू, सापडला बघा. पण प्रिंट पार गेलीय."

प्रिंट कशी का असेना. मी मोबाइल घेऊन मागच्या खोलीत बसले आणि सरळ शेवटावर गेले. सगळं धुरकट, माणसांचे चेहरे पिवळे. तो उठला, दाराला हात लावला. माझा जीव वरखाली. तिनं मान हलवली. आणि मास्तरनं दार लावलं. हळूच. मग दाराला पाठ लावून उभा राहिला आणि संपलं.

म्हणजे बाया चुकल्या होत्या. म्हणजे आई चुकली होती, आणि बाबा एका चुकीच्या शेवटाला धरून माझ्या दाराशी बसले होते.

सांगायचं कसं? मी आडून सुरुवात केली. "बाबा, तो पिच्चर सापडला. शेवट पाहता का?"

"मले मालूम आहे शेवट."

"अहो, पण खरा शेवट..."

"तुह्या मायनं सांगतला थोच खरा," बाबा म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे वळले. मला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासायला बसते. त्या दिवशी सगळी पातेली लख्ख झाली.

अकितीच्या आदल्या दिवशी मावशी सिंदीहून आली. आंब्यांची पिशवी घेऊनच आली. तिला नाही हा शब्द ऐकायची सवय नाही, आमच्या आईकडचं ते सगळ्यांचंच आहे. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "भाऊजी, घागर काऊन नाई म्हणता?"

बाबा दाराकडेच पाहत राहिले. मग मीच सांगून टाकलं. मास्तर, बस, आईनं सांगितलेला शेवट, कडी. मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं कपाळाला हात लावला.

"अवं माय! थो पिच्चर? थो तं आमी दोघी बहिणींनी ताईच्या लग्नाआधीच पाह्यला होता. पुरा पाह्यला."

बाबांनी खुर्ची वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची पाठ दाराकडे झाली.

"पुरा?"

"पुरा ना बापा. सिंदीले रेल्वे आहे. पिच्चर सुटल्यावर पॅसेंजर होती. आमी काहाले आधी उठू? दार लावते थो. मले चांगलं याद आहे, ताई इतकी रडली का आमची आत्या म्हणे, गप होय पोरी, लोकं पाहून राह्यले."

"मंग बसमधी..." बाबा म्हणाले.

मावशी त्यांच्यासमोर खाली बसली. आता तिचा आवाज उतरला होता. "तिनं सांगतलं होतं मले. पह्यल्या दिवाळीले आली तवा. म्हणे, बसमधी सारे भांडून राह्यले होते, आन् मले तं शेवट मालूम. सांगणारच होती. पण यायच्याकडे पाह्यलं, तं हे खिडकीकडे तोंड करून रडून राह्यले. म्हणे, थो मास्तर दार लावते म्हणून मी या माणसाले कसं सांगू? म्हणून म्हणलं, उघडं ठेवते. मी म्हणलं, ताई, आता सांगून दे ना खरं. तं म्हणे, सांगीन ना. घाई काय आहे."

बाबा मावशीकडे पाहत राहिले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. मग एकदम चढ्या आवाजात, "चाळीस वर्षं उल्लू बनवलं मले या बाईनं! साऱ्या बसले बनवलं! रेल्वेवाली!"

आणि हसायला लागले. मला वाटलं ठसका लागला. पण हसतच होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं भानही नव्हतं. मावशी हसली, मीही. मग आम्ही तिघंही रडलो, अगदी मोकळ्यानं, तेरवीलासुद्धा रडलो नव्हतो तसं. कुत्रं दारात येऊन उभं राहिलं होतं, त्याला कोणी हाकललं नाही.

बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "कसं लावते थो? जोऱ्यानं का हळू?"

मी मोबाइल आणला. सांगलीवालीनं त्यात तो पिच्चर घालून दिला होता. बाबांनी चष्मा पुसला, मोबाइल नाकाजवळ धरला आणि शेवट पाहिला. मग म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा पाहिला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"कडी नाई लावली त्यानं," बाबा म्हणाले. "नुसतं लोटलं. हवा आली का उघडन ना थे." मोबाइल माझ्या हातात दिला. "उद्या सकाळची गाडी केवाची आहे गावाले?"

मुलींच्या डब्यांचं मी शेजारणीवर सोपवलं आणि सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. देवळीला उतरून नवी घागर घेतली. बाबांनी ती बोटांनी वाजवून पाहिली, एक परत केली, दुसरी घेतली, भाव केला. मला इतकं बरं वाटलं की मी कुंभाराच्या बायकोकडे पाहून उगाच हसले.

कुलूप बाबांनीच काढलं. आमचं घर दोन खोल्यांचं, स्टँडच्या मागच्याच गल्लीत. दाराला जुनी लोखंडी कडी आहे, लावली की ठणकन वाजते. आई म्हणायची, आपण दुपारी झोपलो ते साऱ्या गावाले ऐकू जाते. मी झाडलोट केली, मावशीनं पुरण वाटलं. बाबांनी घागर भरून आणली, गव्हावर ठेवली, हात जोडले. तोंडातल्या तोंडात काही म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मावशी पाटावर बसली. पुरणपोळी, कुरडई, वडे, चिंचवणी मी वाढली. रस बाबांनी वाढला. आईला रसात तूप लागायचं. मावशीला मुळीच चालत नाही, लहानपणापासून तोंड वाकडं करते. बाबांनी न विचारता वाटीत तुपाची धार सोडली. मावशीनं वर पाहिलं आणि सगळी वाटी संपवली. बाबांनी पुन्हा वाढला, पुन्हा तूप. तीही संपवली.

आमच्यात अकितीला जेवून निघालेल्या सवाशिणीला कोणी "येजो" म्हणत नाही. तीही "येतो" म्हणत नाही. परत यायचं बोललं तर गेलेलं माणूस अर्ध्या वाटेतून मागं फिरतं म्हणतात. एरवी माणूस पाणी आणायला निघालं तरी येतो म्हणतं, इतकं ते तोंडात बसलेलं. मावशीला सिंदी गाठायची होती, म्हणून दुपारची गाडी धरायची. तिनं चपला घातल्या, पिशवी घेतली, उंबऱ्याबाहेर जाऊन वळली. तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. बाबांच्याही आलं. बाबांनी नुसती मान हलवली. मावशी पदर डोक्यावर घेऊन उन्हात निघाली आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

बाहेरून आग येत होती. मी सवयीनं दार ओढलं आणि कडीला हात घातला.

"थांब," बाबा म्हणाले. "लावू नको."

म्हटलं, झालं, पुन्हा तेच! एवढं सगळं होऊन पुन्हा तेच.

"गाडी जाऊ दे," बाबा म्हणाले. "अजून स्टँडवरच असन थे. आपली कडी वाजते. आवाज जाईन तिले."

मी हात काढून घेतला. आम्ही दोघं दाराच्या आत उभे राहिलो. घामानं पाठ भिजली. थोड्या वेळानं गाडी आल्याचा आवाज आला, थांबली, मग कंडक्टरनं घंटी मारली आणि ती देवळीच्या अंगानं निघाली. बाबा कान देऊन होते. आवाज पार विरला तरी ते आणखी थोडं थांबले. मग त्यांनी दार ओढून घेतलं, दोन्ही हातांनी कडी उचलून धरली आणि लावली. जराही वाजू दिली नाही.